भाजीला सुई टोचून औषध कळतं का? पालक लाल, वांगं हिरवं, आणि मी चक्रावलेली

लोकमान्यनगरची_काकू
मंगळवार, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते, घरून डबे देते. सध्या सव्वीस डबे आहेत, बहुतेक कोचिंगसाठी बाहेरगावाहून आलेली पोरं. मागच्या आठवड्यात त्यातल्या एका मुलीच्या आईचा खंडव्याहून फोन आला. "काकू, भाजी कुठून आणता? औषध मारलेली नसते ना?" आता मी काय सांगणार? भाजी येते चोइथराम मंडीतून. पहाटे हे स्कूटर घेऊन जातात आणि गोणी घेऊन येतात. गोणीवर काही लिहिलेलं नसतं.

माझ्या भाच्याला हे कळलं आणि त्याने ऑनलाइन एक यंत्र मागवून दिलं. साडेचार हजार रुपये. टीव्हीच्या रिमोटएवढं आहे, पुढे दाभणासारखी सुई. पडद्यावर भाजीचं चित्र निवडायचं, सुई टोचायची, तीन सेकंदांत आकडा येतो आणि हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की कीटकनाशकं आणि नायट्रेट दोन्ही कळतात.

आता माझी गंमत ऐका. मंडीतलं वांगं टोचलं, हिरवं. आनंद झाला. मग गच्चीवरचा पालक टोचला. हा पालक मी स्वतः थर्माकोलच्या खोक्यात लावलाय, शेणखत आणि घरच्या ओल्या कचऱ्याचं खत एवढंच त्याला घालते, औषधाचा थेंब नाही. तर लाल भडक! शंका आली म्हणून दुसरं पान घेतलं, पुन्हा लाल. नंतर तीच मंडीतली वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकली होती, काळी पडू नयेत म्हणून. सहज एका फोडीला सुई लावली तर तीही लाल. अर्ध्या तासापूर्वी हेच वांगं हिरवं होतं! टोमॅटोचंही तसंच. सगळे सांगतात ना, मिठाच्या पाण्यात धुवा म्हणजे औषध निघतं? धुण्याआधी हिरवा, धुतल्यावर पिवळा.

हे म्हणाले, "तुझ्या मिठातच विष आहे, टाटांना कळव."

तर प्रश्न दोन. एक, यंत्र बिघडलंय की मी? दोन, भाचा म्हणतो की शुगर तपासायच्या मशीनसारखे औषध ओळखणारे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर खरंच असतात. ह्यांची शुगर मी रोज सकाळी बघते. रक्ताच्या थेंबातून साखर कळते, तर मेथीच्या रसाच्या थेंबातून औषध का कळू नये? या लाइनीतलं कोणी असेल तर नीट समजावून सांगा. सोपं सांगा, पण अगदी बाळबोध नको. मी १९८३ ची बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री होती.

---

पोहे_विदाउट_जलेबी
मंगळवार, दुपारी ४:०२

काकू, आमच्याकडेही असलंच एक पडलंय. मुलाने क्रिकेट खेळून आल्यावर घामेजलेल्या तळहाताला लावलं, लाल आलं. भाजी 'काकडी' निवडलेली होती. तेव्हापासून घरात त्याला काकडीच म्हणतात.

---

करंटवाला
मंगळवार, रात्री १०:४५

काकू, तुम्ही बिघडला नाहीत आणि यंत्रही नाही. यंत्र खरंच बोलतंय. फक्त तुम्ही विचारलं एक आणि ते सांगतंय दुसरंच.

मी पाच वर्षं हेच काम केलंय, औषध ओळखणाऱ्या पट्ट्या बनवायचं. आता पोरांना केमिस्ट्री शिकवतो. त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

त्या सुईच्या टोकाशी दोन धातूचे भाग एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात. त्यांच्यामध्ये भाजीचा रस आला की त्यातून वीज किती सहज जाते एवढंच ते मोजतं. बी.एस्सी.ला तुम्ही वाहकता मोजायचा कंडक्टन्स ब्रिज हाताळला असेल, हे त्याचंच नातवंड. रसात क्षार जितके जास्त, तितका आकडा मोठा. पोटॅशियम, क्लोराइड, नायट्रेट, सगळेच. मग आत साठवलेल्या तक्त्यात बघून ते ठरवतं की पालकात एवढी वाहकता म्हणजे साधारण एवढं नायट्रेट. पालक ही मुळातच नायट्रेट साठवणारी भाजी. किलोमागे हजार-दोन हजार मिलिग्रॅम ही तिची रोजची गोष्ट. युरोपात ताज्या पालकाला ३५०० पर्यंत मुभा आहे. त्यात तुम्ही शेणखत सढळ हाताने घालत असणार. लाल येणारच. मिठाच्या पाण्यातल्या वांग्याचं वेगळं सांगायला नको.

आता औषधाचं बघा. क्लोरपायरीफॉस घेऊ. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दीड-एक मिलिग्रॅम विरघळतं, आणि जे विरघळतं त्याचे आयन होत नाहीत. म्हणजे वीज वाहून न्यायला त्याचा काही उपयोग नाही. सुईला ते दिसतच नाही.

आणि असतं तरी किती? ज्या औषधाची एखाद्या भाजीसाठी मर्यादा ठरवलेली नाही, तिथे आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची सरसकट मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे शंभर किलो पालकात एक मिलिग्रॅम. त्याच शंभर किलोत नायट्रेट दीड-दोनशे ग्रॅम! रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे ढोलांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर उभं राहून डास गुणगुणतोय का ते ऐकण्यासारखं आहे हे.

आता शुगर मशीन. तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि मीही माझ्या संशोधनाच्या गाइडला पहिल्या दिवशी हाच विचारला होता. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड जोडायची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली, तुमच्या घरची पट्टी त्याच घराण्यातली. तिच्यावरचं एन्झाइम साखर खातं, त्यातून इलेक्ट्रॉन मिळतात, साखर जास्त तर करंट जास्त. सरळ हिशेब. पण रक्तात साखर असते तरी किती? १०० चं रीडिंग म्हणजे डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, लिटरला हजार. आम्हाला शोधायचं असतं ०.०१. एक लाख पट कमी. तिथे सरळ हिशेब चालत नाही.

म्हणून उलटा हिशेब करतात. औषध मोजायचंच नाही. औषधाने ज्याचं तोंड बंद होतं, ते किती गप्प झालं हे मोजायचं.

ते 'ज्याचं' म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज. आपल्या नसांमध्ये एक निरोप पोचला की निरोप नेणारं रसायन, अ‍ॅसिटिलकोलीन, ते पुसून टाकतं. पुसलं नाही तर निरोप वाजतच राहतो. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट ही दोन औषधांची घराणी नेमकी याच्यावर बसतात. किडा त्यानेच मरतो, आणि तोंडाला फडकं न बांधता फवारणारा माणूसही त्यानेच दवाखान्यात पोचतो. आपल्या भोपाळच्या १९८४ च्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट कशासाठी ठेवलेलं होतं? कार्बारिल बनवायला, ते याच दुसऱ्या घराण्यातलं.

पट्टी अशी असते. प्लास्टिकच्या चिंधीएवढ्या तुकड्यावर कार्बनची शाई छापलेली, लग्नपत्रिका छापतात तसल्याच स्क्रीनने. मध्ये तीन-चार मिलिमीटरचं काळं वर्तुळ. त्यावर तीन मायक्रोलिटर एन्झाइमचा थेंब सोडायचा. हा थेंब वर्तुळाच्या बाहेर गेला की पट्टी वाया, आणि मी पहिल्या महिन्यात शंभरातल्या सत्तर घालवल्या. श्वास रोखून पिपेट टेकवायची. टोक कार्बनला लागलं तर ओरखडा, लांब राहिलं तर थेंब टोकालाच लोंबकळतो. वाळल्यावर त्या काळ्यावर नखाच्या चमकेसारखी पातळ कड दिसते, ती पूर्ण गोल असेल तरच पट्टी डब्यात.

मग त्या एन्झाइमला अ‍ॅसिटिलथायोकोलीन खायला द्यायचं. खऱ्या खुराकाचा हा गंधकवाला भाऊ. तो तुटून थायोकोलीन निघतं, ते इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन देतं, करंट दिसतो. समजा २ मायक्रोअँपिअर आला. आता पट्टी दहा मिनिटं भाजीच्या अर्कात बुडवायची, धुवायची, पुन्हा तोच खुराक द्यायचा. आता आला १.२. म्हणजे चाळीस टक्के एन्झाइम गप्प झालं. गंमत अशी की हे एन्झाइम सेकंदाला हजारो रेणू तोडतं, त्यामुळे औषधाच्या एका रेणूने एकाचं तोंड बंद केलं की हजारोंचा हिशेब चुकतो. डासाची गुणगुण कळते ती अशी. डास ऐकू येत नाही, पण ढोलवाल्याला चावला की ढोल थांबतो.

साधा कार्बन असेल तर थायोकोलीनकडून इलेक्ट्रॉन काढायला ०.७ व्होल्टच्या आसपास जोर लावावा लागतो. तेवढ्या जोरात टोमॅटो-मिरचीतलं व्हिटॅमिन सीसुद्धा इलेक्ट्रॉन देऊन बसतं आणि आकड्यात घुसतं. म्हणून कार्बनमध्ये प्रशियन ब्लू मिसळतात, चित्रकारांचा तोच निळा रंग, किंवा कोबाल्ट थॅलोसायनिन. मग काम ०.१-०.२ व्होल्टवर भागतं आणि लुडबूड बरीच कमी होते.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमच्या लाल पालकाचं उत्तर त्यात जास्त नीट आहे. मे महिना, रात्रभर वीज गेलेली, लॅबचा फ्रिज बंद. सकाळी वीज आली होती, फ्रिज गार होता, आम्हाला काहीच पत्ता नाही. पट्ट्या महाग, म्हणून मी शहाणपणा केला: प्रत्येक पट्टीचा आधीचा करंट न बघता कालचाच धरला आणि पट्ट्या थेट अर्कात बुडवल्या. भेंडी, शंभर टक्के विषारी. गिलकी, शंभर टक्के. फूलगोभी, शंभर टक्के. मी धावत गाइडकडे गेलो, म्हटलं सर, अख्खी मंडी बंद करावी लागेल. ते शांतपणे म्हणाले, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडव. बुडवली. डिस्टिल्ड वॉटरही शंभर टक्के विषारी.

एन्झाइम उकाड्याने रात्रीच मेलं होतं. औषधाने मेलं काय आणि इंदूरच्या मेने मेलं काय, पट्टीला दोन्ही सारखंच, जसं तुमच्या सुईला नायट्रेट काय आणि मीठ काय. म्हणून तुम्ही कधी असली पट्टी विकत घेतलीत तर पहिला प्रश्न हा विचारा: बुडवण्याआधीचा करंट ही प्रत्येक पट्टीवर मोजते का? आणि फ्रिजशिवाय किती दिवस टिकते?

उरलेलं उद्या. पाठ दुखायला लागली.

---

सांवेरचा_शेतकरी
बुधवार, सकाळी ६:२०

करंटवाला भाऊंनी छान सांगितलं. मी फूलगोभी, मिरची, भेंडी लावतो, सांवेरच्या पुढे. शिकलो इंदूरलाच. दोन गोष्टी आमच्या बाजूच्या सांगतो.

पहिली. तुम्ही ज्या घराण्याचं बोलताय ते आता गावात पूर्वीएवढं नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीवर वापरायला कधीचीच बंदी आहे. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस अजून चालतात, मिरचीवर प्रोफेनोफॉस पुष्कळ. पण गोभीवर मी काय मारतो? इमामेक्टिन, क्लोरँट्रानिलिप्रोल, रस शोषणाऱ्या किड्यांना इमिडाक्लोप्रिड, बुरशीला मॅन्कोझेब. यातलं एक तरी तुमच्या एन्झाइमला कळतं का भाऊ? माझ्या समजुतीप्रमाणे नाही. म्हणजे तुमची पट्टी माझी गोभी पास करणार, आणि काकू निवांत होणार.

दुसरी. खरा घोळ औषधात नाही, दिवसांत आहे. बाटलीच्या कागदावर लिहिलेलं असतं, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं. गोभी एकदाच कापायची, तिथे थांबता येतं. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते आणि मंडीत कुणी हात लावत नाही. मग भेंडीला अळी लागली की शेतकरी काय करतो? मारतो आणि परवा तोडतो. मी मारत नाही असं छातीवर हात ठेवून सांगेन, पण दोन वर्षांपूर्वी मी पण मारलं होतं. मुलीची फी भरायची होती. दुकानदार तर दोन-तीन बाटल्या एका पंपात मिसळून द्यायला तयारच असतो, वर म्हणतो "रिझल्ट बघा".

काकू, बाटलीवर त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा. तो फवारणाऱ्याला लगेच किती धोका ते सांगतो. भाजीत किती उरतं ते त्यावरून कळत नाही. लोक त्यात पण गल्लत करतात.

---

लष्कर_ग्वाल्हेर
बुधवार, सकाळी ९:१५

एक छोटी भर. यातलं ऑर्गॅनोफॉस्फेटचं घराणं म्हणजे युद्धातल्या नर्व्ह गॅसचं सख्खं भावंड. जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकं शोधत होता, त्यातून १९३६ मध्ये ताबून निघालं, १९३८ मध्ये सारिन. आमच्या ग्वाल्हेरला डीआरडीओची जी लॅब आहे तिचं कामच रासायनिक आणि जैविक हल्ल्यांपासून बचावाचं. त्यामुळे 'अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज' हा शब्द आमच्याकडे रिक्षात पण ऐकू येतो, थोडी अतिशयोक्ती माफ.

---

करंटवाला
बुधवार, रात्री ९:३०

सांवेरचे भाऊ, तुम्ही नेमकी दुखरी जागा दाबलीत. माझ्या व्हायव्हाला असा एक जण हवा होता. नव्हता म्हणून पास झालो.

तुमच्या चारातलं एकही या एन्झाइमला कळत नाही. मॅन्कोझेब डायथायोकार्बामेट आहे, नावात कार्बामेट, पण आपल्या एन्झाइमशी त्याचं भांडण नाही. इमिडाक्लोप्रिड किड्याच्या वेगळ्याच दारावर जातं: निरोप पुसणाऱ्याला ते हात लावत नाही, निरोप घेणाऱ्याला धरतं. 

पण इलेक्ट्रोकेमिस्ट्री म्हणजे फक्त एन्झाइम नाही. इमिडाक्लोप्रिडच्या रेणूत नायट्रो गट आहे, आणि नायट्रो गटाला इलेक्ट्रॉन देता येतात. इलेक्ट्रोडवर उणे एक व्होल्टच्या आसपास गेलं की ते इलेक्ट्रॉन घेतं आणि आलेखात एक टेकडी दिसते. टेकडीची उंची म्हणजे प्रमाण. यात एन्झाइम नाही, फ्रिज नाही. अडचण ही की तेवढ्या उण्यात हवेतला विरघळलेला ऑक्सिजनसुद्धा इलेक्ट्रॉन मागतो, म्हणून आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडून त्याला हाकलावं लागतं. लॅबमध्ये ठीक आहे. मंडीत पहाटे चारला नायट्रोजनचं सिलिंडर घेऊन कोण उभं राहणार? बुरशीवरचं कार्बेन्डाझिम उलट बाजूचं, ते इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देतं, तिथे ऑक्सिजनचा त्रास नाही. क्लोरँट्रानिलिप्रोल वगैरेंसाठी लोक साच्याचे पॉलिमर करून बघतात: औषधाच्या रेणूभोवती पॉलिमर जमवायचा, मग रेणू धुऊन काढायचा, मागे त्याच्या आकाराचा खड्डा राहतो. मोदकाच्या साच्यात करंजी बसत नाही, तसं. कागदावर सुंदर. पालकाच्या हिरव्या चिखलात ते खड्डे बुजायला वेळ लागत नाही, हा माझा अनुभव.

आणि काल एक गोष्ट राहिली, ती लपवणं बरोबर नाही. क्लोरपायरीफॉस, मॅलॅथिऑन यांच्यात फॉस्फरसला गंधक चिकटलेलं असतं. या रूपात ते एन्झाइमला फारसं धरतच नाहीत. किड्याच्या अंगात किंवा आपल्या यकृतात गंधक जाऊन ऑक्सिजन येतो, तेव्हा ते खरे विषारी होतात. बाटलीतल्या वाघाची नखं पोटात गेल्यावर निघतात म्हणा. म्हणून चांगल्या पद्धतीत अर्काला आधी ब्रोमिनचं पाणी किंवा तसलं काही घालून हा बदल बाहेरच करून घेतात. ज्या किटमध्ये ही पायरी नाही, ती क्लोरपायरीफॉस असलेली भाजी हसत हसत पास करेल. प्रोफेनोफॉसला ही पायरी लागत नाही, त्याची नखं आधीच बाहेर असतात. तुमची मिरची मात्र पकडली जाईल भाऊ!

मग अशा पट्टीचा उपयोग काय? गाळणी म्हणून. चीनमध्ये २००३ पासून एन्झाइमच्या झटपट चाचणीचं प्रमाणित मानक आहे, तिथे करंटऐवजी पिवळा रंग बघतात, पण तत्त्व हेच. एन्झाइम पन्नास टक्के किंवा जास्त गप्प झालं तर माल संशयित, मग तो मोठ्या यंत्राकडे. त्याच मानकात हेही आहे की कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर अशा भाज्या चिरून अर्क काढू नका, अख्ख्याच बुडवा, कारण त्यांचा स्वतःचा रस चाचणीत ढवळाढवळ करतो. कोथिंबिरीने मला दोन वेळा फसवलंय, म्हणून हे वाक्य मला तोंडपाठ.

औषधानेच एन्झाइम गप्प झालं की दुसऱ्या कशाने, हे बघायचीही एक युक्ती आहे. विषबाधेच्या पेशंटला डॉक्टर अ‍ॅट्रोपीनबरोबर पीएएम हा उतारा देतात ना, तेच पट्टीला द्यायचं. ऑर्गॅनोफॉस्फेट बसलेलं असेल तर पीएएम त्याला उचकटतं आणि करंट बराचसा परत येतो. उकाड्याने मेलेलं एन्झाइम परत येत नाही. हे मला त्या मे महिन्यात माहीत असतं तर गाइडच्या केबिनपर्यंत धावावं लागलं नसतं.

शेवटचा निकाल मात्र मोठ्या यंत्राचाच. दहा ग्रॅम कुटलेली भाजी, दहा मिली अ‍ॅसिटोनायट्राइल, चार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, एक ग्रॅम मीठ, मिनिटभर जोरात हलवायचं. २००३ मध्ये आलेली ही पद्धत आता जगभर चालते. मग तो अर्क साफ करून एलसी-एमएस किंवा जीसी-एमएसमध्ये, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रांत. तिथे शेकडो औषधं एका फेरीत नावानिशी कळतात. पट्टी फक्त "कुणीतरी एन्झाइमला दाबलंय" एवढंच सांगते, नाव नाही.

---

लोकमान्यनगरची_काकू
गुरुवार, दुपारी २:५०

अरे बाबा, किती लिहिलंस! 'अरे बाबा' म्हटलं तर राग नाही ना? ह्यांना वाचून दाखवलं. ढोलवाल्याला डास चावतो तिथे ते खो खो हसले, मग गंभीर होऊन म्हणाले की आपली शुगरची पट्टी पण आता फ्रिजवरच्या फडताळात ठेवायची नाही. शुगरच्या डबीवर तीसच्या खालचं तापमान लिहिलंय आणि आमचं फडताळ उन्हाळ्यात भट्टी असते. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सांवेरच्या दादांना एक विचारायचंय. तुम्ही खरं लिहिलंत, त्याचं मला बरं वाटलं. फीचं वाचून वाईट वाटलं. तुमच्याकडून गोभी घेतली आणि शेवटचं औषध कधी मारलं ते तुम्ही तारखेसकट सांगितलंत, तर मी मंडीच्या भावाहून दोन रुपये जास्त देईन. डब्याला आठवड्याला पंधरा-सोळा किलो लागते. बघा जमतं का.

आणि करंटवाल्या, मग धुवायचं कशाने? त्या मुलीच्या आईला काहीतरी सांगायला हवं.

---

करंटवाला
गुरुवार, संध्याकाळी ७:०५

राग कसला, माझी आई असंच म्हणते.

धुण्याबद्दल मोजूनमापून केलेलं एक काम मला माहीत आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदावर केलं होतं. लिटरला दहा ग्रॅम खाण्याचा सोडा, त्यात फळ बुडवून ठेवायचं. पृष्ठभागावरचं फॉस्मेट पंधरा मिनिटांत गेलं, थायाबेन्डाझोल बारा मिनिटांत. पण थायाबेन्डाझोलचा काही भाग सालाच्या आत शिरलेला होता, तो सोड्याने निघाला नाही. झाडात भिनणाऱ्या सगळ्या औषधांचं असंच. इमिडाक्लोप्रिड मुळातून पानात जातं, ते नळाखाली कुठून निघणार? तरी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुण्याने वरवरचं बरंच जातं, दुधी-काकडीची साल काढली की आणखी, गोभीची बाहेरची पानं टाकली की आणखी. डब्याच्या प्रमाणात एवढं जमण्यासारखं आहे. मिठाने नुकसान नाही, फक्त यंत्र घाबरतं.

गच्चीवरच्या पालकाची काळजी सोडा. शेणखत थोडं कमी करा आणि संध्याकाळी तोडा, दिवसभराच्या उन्हात पान बरंच नायट्रेट वापरून टाकतं. ओल्या कचऱ्याच्या खताबद्दल मात्र तुम्हाला सलाम. आपल्या इंदूरच्या नावाने जगात कंपोस्टची पद्धत ओळखली जाते. अल्बर्ट हॉवर्डने १९२४ ते १९३१ इथे बसून ती बसवली, आता ज्याला कृषी महाविद्यालय म्हणतो त्या आवारात. शहर स्वच्छतेचे नंबर मोजतं, हे कुणाला आठवत नाही.

---

सांवेरचा_शेतकरी
गुरुवार, रात्री ८:४०

काकू, जमेल. गुरुवारी आणि रविवारी माझी गाडी तशीही मंडीला येते, लोकमान्यनगर वाटेत पाडू. तारखेची चिठ्ठी गोणीत टाकेन. दोन रुपये नकोत, पोरीला पुढच्या वर्षी कोचिंगला पाठवायची आहे, तेव्हा डबा तुमचाच.

---

लोकमान्यनगरची_काकू
रविवार, सकाळी ११:२०

गोभी आली. चिठ्ठी पण आली, वहीच्या पानावर, "शेवटची फवारणी" आणि तारीख, खाली सही. पोरांना गोभी-मटार केली आणि चिठ्ठीचा फोटो त्या खंडव्याच्या बाईंना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवलाय.

यंत्र परत करायला फोन केला होता. मुलगी म्हणाली, "मॅडम, आपने पालक मोड सिलेक्ट किया था?" मी म्हटलं, बाळ, मी नुसतं पाणी टोचलं तर काय निवडू? ती म्हणाली, टरबूज. परत घेत नाहीत, सुई वापरली म्हणून.

तर मग मी खरंच पाणी टोचलं. नळाचं नर्मदेचं पाणी ग्लासात, हिरवं. आमच्या बिल्डिंगचं बोअरचं पाणी, लाल. तीनदा केलं, तीनही वेळा तसंच. वाहकताच मोजतं ना हे? म्हणजे इथे तरी बरोबर विचारलं. शेजारच्या चितळे वहिनींची वरणाची डाळ बोअरच्या पाण्यात शिजत नाही म्हणून त्या कुकरला दोष देत होत्या. सुई घेऊन आत्ता त्यांच्याकडेच निघालेय.